धुराड्याच्या आधीचा शेवटचा अडसर: एका ईएसपी दुरुस्तीचे सात महिने

९ जून रोजी दुपारी माझ्या टेबलावर दोन कागद एकापाठोपाठ आले. पहिले नियामक कार्यालयाचे पत्र होते. आमच्या २०० मेगावॅटच्या कोळशावर चालणाऱ्या संचाच्या धुराड्यात त्यांच्या पथकाने केलेल्या मोजणीत धूलिकणांचे प्रमाण घनमीटरला १४८ मिलिग्रॅम आढळले असून परवान्यातील मर्यादा १०० मिलिग्रॅमची आहे, तरी पंधरा दिवसांत खुलासा व कालबद्ध कार्यक्रम सादर करावा, असे त्यात म्हटले होते. दुसरा कागद आमच्या विभागप्रमुखांचा होता आणि त्यात एकच ओळ होती: या कामाची जबाबदारी माझ्याकडे देण्यात येत आहे. मी तोपर्यंत आठ वर्षे टर्बाईन विभागात काम केले होते. बॉयलरमधून बाहेर पडणाऱ्या वायूतील राख पकडणारी जी यंत्रणा आम्ही ईएसपी म्हणून ओळखतो, त्या इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटरच्या आत मी एकदाही पाऊल ठेवले नव्हते. हे काम १२ जानेवारीला संपले. मधल्या काळात ज्या गोष्टी आपल्याला कोणी आधी सांगितल्या असत्या तर बरे झाले असते असे वारंवार वाटले, त्या येथे घडल्या त्या क्रमाने लिहून ठेवते.

पहिला आठवडा केवळ समजून घेण्यात गेला. दळलेला कोळसा भट्टीत जळाल्यावर त्यातील बरीचशी राख वायूबरोबर उडत पुढे जाते. ईएसपीमध्ये उंच लोखंडी प्लेटांच्या रांगा टांगलेल्या असतात आणि दोन रांगांच्या मधोमध असलेल्या इलेक्ट्रोडवर काही दशसहस्र व्होल्टचा ऋण विद्युतदाब दिलेला असतो. वायू या गल्ल्यांतून माणसाच्या चालीएवढ्या संथ वेगाने जातो, कणांवर विद्युतभार चढतो, ते प्लेटांकडे ओढले जाऊन तेथे चिकटतात आणि ठरावीक वेळाने हातोड्यांचे ठोके बसले की थर सुटून खालच्या हॉपरमध्ये, म्हणजे राख साठणाऱ्या नरसाळ्यासारख्या टाकीत, पडतो. ही कल्पना जुनी आहे. फ्रेडरिक कॉट्रेल यांना तिचे पेटंट १९०८ साली मिळाले आणि १९२२ साली डॉइच यांनी मांडलेले सूत्र अभियंते आजही वापरतात.

त्या सूत्राचे मर्म मला एका वरिष्ठ तंत्रज्ञांनी कागदाच्या कपट्यावर समजावले. आमच्या ईएसपीत एकामागे एक अशी चार फील्ड, म्हणजे प्लेटा-इलेक्ट्रोडचे स्वतंत्र वीजपुरवठ्याचे विभाग, आहेत. सोयीसाठी असे धरू की प्रत्येक फील्ड तिच्याकडे आलेल्या राखेपैकी ८० टक्के पकडते. घनमीटरला ४० ग्रॅम राख आत आली, तर पहिल्या फील्डनंतर ८ ग्रॅम उरते, दुसऱ्यानंतर १.६ ग्रॅम, तिसऱ्यानंतर ३२० मिलिग्रॅम आणि चौथ्यानंतर ६४ मिलिग्रॅम. आता यांतले कोणतेही एक फील्ड बंद पडले, तर उत्सर्जन पाव हिश्शाने वाढत नाही, ते पाचपट होते. प्रत्यक्षात सगळी फील्ड सारखी नसतात, परंतु हा हिशेब डोक्यात बसल्यावर "चारपैकी तीन तर चालू आहेत" या वाक्याने माझे समाधान होणे बंद झाले.

आमच्या कंट्रोल रूममधील धूलिमापक मात्र सत्तरच्या आसपास आकडा दाखवत होता. पथकाची मोजणी चुकली असावी, असे अनेकांचे मत पडले आणि खुलाशात तसे लिहावे असा सल्लाही मिळाला. तो मी मानला नाही, कारण १४ जूनला मी धुराड्यापासून वाऱ्याच्या दिशेला असलेल्या वस्तीत जाऊन आले होते. तक्रार मुळात तिथूनच गेली होती. तेथील एका वयस्कर बाईंनी आत जाऊन घडी केलेली पांढरी चादर आणली आणि मला तिच्यावरून बोट फिरवायला सांगितले. चादर रात्रभर दोरीवर होती. माझ्या बोटाला पिठासारखी मऊ, करडी राख लागली. त्या म्हणाल्या, "दिवसा तुमचं धुराडं स्वच्छच असतं. पहाटे चारला उठून बघा." त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर अशा पहाटांच्या तारखांना पेन्सिलीने खुणा केल्या होत्या.

मी त्या खुणा उतरवून घेतल्या आणि शिफ्टच्या नोंदवह्यांशी ताडून पाहिल्या. मागच्या तीस रात्रींपैकी एकोणीस रात्री दुसरे फील्ड तीन ते पाचच्या दरम्यान बंद पडून सहाच्या सुमारास पुन्हा चालू झाले होते. कारण नोंदवहीतच होते, फक्त ते दुसऱ्या विभागाच्या वहीत होते. राख खेचून नेणाऱ्या दोन पंपांपैकी एक नादुरुस्त असल्यामुळे हॉपर रिकामे करण्याची रात्रपाळीची फेरी लांबत होती, राख हॉपरमधून वर चढून इलेक्ट्रोडच्या खालच्या टोकांना टेकत होती आणि फील्ड शॉर्ट होऊन बंद पडत होते. ईएसपीचे नियंत्रण विद्युत विभागाकडे, राख वाहून नेणे दुसऱ्या विभागाकडे आणि बॉयलर तिसऱ्याकडे अशी आमच्याकडे वाटणी आहे. अशा कामात पडणाऱ्याने पहिल्याच दिवशी तिन्ही विभागांच्या वह्या एका टेबलावर मागवाव्यात.

राहिला प्रश्न दोन आकड्यांतील तफावतीचा. त्यासाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून स्वतंत्र मोजणी करून घेण्याचे ठरले. दरपत्रक, मंजुरी आणि कार्यादेश यांत बारा दिवस गेले. तोवर नियामक कार्यालयाला अंतरिम उत्तर पाठवून मुदत वाढवून घेतली. पत्राला उशिराने उत्तर देण्यापेक्षा "मोजणी अमुक तारखेला ठरली आहे" एवढे वेळेत कळवणे कितीतरी बरे पडते.

२६ जूनला मी मोजणीच्या पथकाबरोबर धुराड्याच्या मचाणावर चढले. नळीचे तोंड वायूच्या प्रवाहाकडे करून आत सोडतात आणि प्रवाहाच्या वेगाएवढ्याच वेगाने वायू शोषतात. शोषण्याचा वेग जास्त ठेवला तर जड कण वळणावर मागे राहून आकडा कमी येतो, वेग कमी ठेवला तर आकडा वाढतो. म्हणून धुराड्याच्या व्यासावरील ठरलेल्या प्रत्येक बिंदूवर वेग मोजून पंप जुळवावा लागतो. एका नमुन्याला तासाभराहून अधिक वेळ लागतो आणि त्या वेळात संचाचा भार, म्हणजे वीजनिर्मितीची पातळी, हलता कामा नये. हे कंट्रोल रूमला लेखी कळवून ठेवले नसते तर पहिला नमुना वाया गेला असता, कारण मधेच भार वाढवण्याची सूचना आली होती. नंतर प्रयोगशाळेत ती बोटभर लांबीची गाळणी वाळवून, थंड करून तराजूवर ठेवली गेली तेव्हा मी शेजारी उभी होते. आधीच्या आणि नंतरच्या वजनातील फरक मिलिग्रॅमचा होता. आमचा सगळा वाद त्या फरकावर उभा होता.

आकडा आला ११८. मात्र त्या ठिकाणी वायूतील ऑक्सिजन ९ टक्के होता आणि परवान्यातील मर्यादा ६ टक्के ऑक्सिजनला धरून लिहिलेली होती. वायूत बाहेरची हवा मिसळली की राख तेवढीच राहते, पण घनमीटर वाढतात आणि आकडा उगाच लहान दिसतो. म्हणून, बाहेरच्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन धरून, ११८ ला २१ वजा ६, म्हणजे १५ ने गुणून २१ वजा ९, म्हणजे १२ ने भागायचे. उत्तर १४७.५. नियामकांचे पथक बरोबर होते. आमचा धूलिमापक ही दुरुस्ती न करताच आकडा दाखवत होता आणि त्याचे प्रत्यक्ष वजनाशी जुळवलेले गणित जुन्या कोळशाच्या काळातले होते. ते कागदावर पाहताना मला फार वाईट वाटले. आम्ही कोणीही जाणूनबुजून खोटे दाखवत नव्हतो, पण पडद्यावरचा आकडा मर्यादेत आहे म्हणून कितीतरी महिने कोणी धुराड्याकडे मान वर करून पाहिले नव्हते.

५ जुलैच्या खुलाशात मी दोन्ही आकडे, तफावतीचे कारण आणि पहाटेच्या घटना जशाच्या तशा लिहिल्या. तो मसुदा कार्यालयातच सतरा दिवस अडला. अखेर तो गेला आणि दुरुस्ती पूर्ण झाल्याचे मान्य होईपर्यंत १६० मेगावॅटपेक्षा अधिक भार घेऊ नये, या अटीवर आम्हाला मुदत मिळाली. भार कमी म्हणजे वायू कमी, त्याचा वेग कमी आणि कणांना प्लेटेपर्यंत पोहोचायला वेळ अधिक.

पूर्ण दुरुस्तीसाठी आम्ही एकवीस दिवस मागितले होते, कोणता संच कधी चालवायचा हे ठरवणाऱ्या भार प्रेषण केंद्राकडून सोळा मिळाले. तारीख आधी ५ सप्टेंबर ठरली, मग ३ ऑक्टोबर आणि शेवटी २४ ऑक्टोबर. मागणी जास्त असताना एक संच बाजूला काढणे सोपे नसते हे मला कळत होते, तरीही दुसऱ्यांदा तारीख ढकलली गेली त्या दिवशी मी त्या बाईंना दूरध्वनी करून ते सांगताना अडखळले.

वाट पाहण्याच्या काळात चालू संचावर जे करता येईल ते केले आणि माझ्या मते सर्वांत जास्त शिकायला तेथेच मिळाले. दुसरा पंप २० जुलैला दुरुस्त झाला आणि पहाटेच्या घटना जवळजवळ थांबल्या. मग ईएसपीच्या आधी व नंतर ऑक्सिजन मोजला, तेव्हा आधी ६.४ आणि नंतर ९ टक्के भरला. म्हणजे मधल्या मधे पाचव्या हिश्शाहून अधिक हवा आत शिरत होती. ही यंत्रणा पंख्याच्या ओढीखाली चालते, त्यामुळे प्रत्येक चीर हवा आत घेते. ती हवा गल्ल्यांतला वेग वाढवते आणि हॉपरजवळ शिरली तर खाली पडलेली राख पुन्हा उडवते. दारांच्या फटी बंद करणाऱ्या झिजलेल्या दोऱ्या आणि वायू वाहून नेणाऱ्या डक्टच्या फाटलेल्या लवचीक जोडण्या यांची यादी करताना कानाने खूप मदत झाली, कारण गळतीच्या जागी बारीक शिट्टी ऐकू येते.

दुसरी गोष्ट विद्युतप्रवाहाची. तिसऱ्या फील्डचा प्रवाह भरपूर होता आणि ते उत्तम चालले आहे असाच सर्वांचा समज होता. परंतु दाब हळूहळू वाढवत प्रत्येक टप्प्यावर प्रवाह लिहीत गेल्यावर असे दिसले, की एका मर्यादेनंतर प्रवाह वाढतो तसा दाब उलट घसरतो. कमी गंधकाच्या कोळशाची राख विजेला फार विरोध करते, प्लेटेवरच्या थरातच सूक्ष्म ठिणग्या पडू लागतात आणि पकडलेले कण पुन्हा सुटतात. ज्या कोळशामुळे धुराड्यातून सल्फर डायऑक्साइड कमी जातो, तोच कोळसा राख पकडणे अवघड करतो, ही अडचण मला तेव्हा प्रथम समजली. उपाय असा, की सतत दाब न देता काही अर्धलहरी गाळून थांबूनथांबून द्यायचा. आम्ही तीन फील्डवर तसे केले तेव्हा वीज कमी लागली आणि धूर विरळ झाल्याचे उघड्या डोळ्यांनाही दिसू लागले.

२४ ऑक्टोबरला रात्री संच बंद झाला. आत जाण्याआधी दोन दिवस थंड होऊ देणे भाग होते. परमिटची, म्हणजे आत काम करण्याच्या लेखी परवानगीची, पद्धत सुरुवातीला जाचक वाटते, पण तिच्यात एक सुंदर तर्क आहे: उच्च दाबाचा स्विच बंद केला की त्यातून एक किल्ली सुटते, त्या किल्लीने अर्थिंगचा स्विच लागतो, तो लागल्यावर दुसरी किल्ली सुटते आणि आतले दार फक्त तिनेच उघडते. त्यानंतर ऑक्सिजनची तपासणी, बाहेर बसलेला नोंदणीदार, आत जाणाऱ्या प्रत्येकाची सही. हॉपरचे दार तर आत राख नाही याची खातरजमा झाल्याशिवाय कधीही उघडू नये. गरम राख पाण्यासारखी वाहते आणि तिच्यासमोरून बाजूला व्हायला माणसाला वेळ मिळत नाही.

२७ तारखेला सकाळी मी पहिल्यांदा आत गेले. दोन्ही बाजूंना तीन मजल्यांएवढ्या उंचीच्या प्लेटा, मधे जेमतेम खांदे मावतील एवढी गल्ली आणि विजेरीच्या झोतात तरंगणारी धूळ. आमच्या पावलांचा आवाजही राखेत बुडत होता. पहिल्या फील्डच्या प्लेटा बऱ्यापैकी स्वच्छ होत्या. दुसऱ्या फील्डमध्ये एका रांगेवर बोटाच्या पेराएवढा जाड थर होता. वर पाहिले तर त्या रांगेचा हातोडाच जागेवर नव्हता, तो हॉपरच्या जाळीवर पडलेला सापडला. त्याच फील्डमध्ये एक इलेक्ट्रोड तुटून प्लेटेकडे झुकला होता आणि जिथे तो टेकत असे तिथे प्लेटेवर नाण्याएवढा निळसर काळा डाग होता. खालच्या बाजूला सहा प्लेटा बाकल्या होत्या. भरून वर आलेल्या राखेच्या दाबाने हे झाले होते, हे सांगायला कोणी तज्ज्ञ लागला नाही.

खरा धक्का ईएसपीच्या आधीच्या डक्टमध्ये होता. वायूला वळणावर सारखा पसरवणाऱ्या पट्ट्यांपैकी दोन पूर्ण झिजून गेल्या होत्या. रात्री पंखा मंद चालवून आम्ही चौकटीच्या प्रत्येक चौकोनात वेगमापक धरून वाऱ्याचा वेग मोजला, तेव्हा वरच्या डाव्या भागात तो सरासरीच्या जवळजवळ दुप्पट निघाला. म्हणजे निम्मे यंत्र निवांत होते आणि उरलेल्या भागातून वायू धावत सुटत होता. आम्ही महिनोन्महिने विद्युत नियंत्रणात दोष शोधत होतो आणि दोष होता लोखंडाच्या दोन झिजलेल्या पट्ट्यांत.

पुढचे नऊ दिवस दोन पाळ्यांत काम चालले. पट्ट्या बदलल्या, हातोडे बसवले, तडे गेलेले तीन इन्सुलेटर बदलले, प्लेट आणि इलेक्ट्रोड यांतील अंतर पुस्तिकेतील पाच मिलिमीटरच्या मुभेत आणले. बाकलेल्या सहापैकी चार प्लेटा सरळ झाल्या. दोन झाल्या नाहीत आणि सुट्या मालात नव्हत्या, म्हणून तिसऱ्या फील्डमधील कमी महत्त्वाच्या टोकाच्या रांगेतल्या दोन प्लेटा काढून तेथे लावल्या आणि ती रांग तात्पुरती मोकळी ठेवली. हा निर्णय माझा होता आणि तो मला अजूनही टोचतो.

खर्चाच्या रकमा प्रत्येक केंद्रात वेगळ्या असतात, म्हणून प्रमाण सांगते. आमच्या मंजूर रकमेतील सर्वांत मोठा वाटा मचाण आणि मजुरीचा होता, सुट्या भागांचा त्याहून कमी आणि मोजण्यांचा तर अगदी किरकोळ. या सगळ्यापेक्षा मोठा खर्च म्हणजे न झालेली वीज: २०० मेगावॅटचा संच पूर्ण भाराने चालला तर दिवसाला ४८ लाख युनिट देतो आणि तो सोळा दिवस बंद होता. त्यामुळे शटडाऊनपूर्वी स्वस्तातली प्रत्येक मोजणी करून घ्यावी. आत शिरल्यावर शोधत बसायला दिवस उरत नाहीत.

चौदाव्या दिवशी, वायूऐवजी नुसत्या थंड हवेत दाब देऊन पाहण्याची चाचणी घेतली. तीन फील्ड व्यवस्थित चढली, दुसरे २२ हजार व्होल्टलाच पडू लागले. पुन्हा किल्ल्या, पुन्हा परमिट, पुन्हा आत. रात्री दोन वाजता एका तरुण जोडाऱ्याला मचाण बांधताना वापरलेला वीतभर तारेचा तुकडा इलेक्ट्रोडच्या चौकटीत अडकलेला सापडला. आत नेलेल्या प्रत्येक वस्तूची मोजून नोंद ठेवा आणि बाहेर पडताना ती पुन्हा मोजा, असे परमिटच्या मागच्या बाजूला छापलेले असते. ते आम्ही वाचले होते, पण पाळले नव्हते.

संच पेटवताना सुरुवातीला तेल जाळावे लागते. तेलाची काजळी प्लेटांवर बसू नये आणि आग लागू नये म्हणून त्या वेळात ईएसपीला पूर्ण दाब देत नाहीत, आणि इन्सुलेटरवर ओल धरू नये म्हणून त्यांचे हीटर आधीच कित्येक तास चालू ठेवतात. या काळात काळा धूर निघतोच. तो कधी आणि साधारण किती तास दिसेल हे आम्ही यावेळी वस्तीत आदल्या दिवशी जाऊन सांगितले.

अडीच आठवडे संच स्थिर होऊ दिला आणि २७ नोव्हेंबरला चाचणीपुरते पूर्ण भारावर तीन नमुने घेतले. ऑक्सिजनची दुरुस्ती करून आकडे आले ६१, ६६ आणि ५८. त्यानंतर तीन वेगवेगळ्या भारांवर नमुने घेऊन धूलिमापकाचे गणित नव्याने बसवले आणि पडद्यावर दुरुस्त केलेलाच आकडा दिसेल अशी व्यवस्था केली. अहवाल डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दाखल झाला, एका परिशिष्टावर सही राहिली म्हणून परत आला, पुन्हा गेला आणि १२ जानेवारीला भाराची अट उठल्याचे पत्र मिळाले.

या दुरुस्तीने काय झाले नाही, तेही सांगायला हवे. ईएसपी वायुरूप प्रदूषण पकडत नाही. सल्फर डायऑक्साइडसाठी चुनखडीच्या पाण्याने वायू धुवावा लागतो, ज्यातून जिप्सम तयार होते. नायट्रोजनच्या ऑक्साइडांसाठी भट्टीत हवा टप्प्याटप्प्याने देणारे बर्नर किंवा अमोनियाची प्रक्रिया लागते. राखेतही जे कण सर्वांत बारीक, एक मायक्रॉनच्या आसपास व त्याखालचे, तेच पकडायला सर्वांत कठीण आणि फुप्फुसात सर्वांत खोल जाणारे. वजनाचा आकडा निम्म्याहून खाली आला म्हणजे तेही त्याच प्रमाणात घटले, असा अर्थ मी काढत नाही.

पत्र मिळाल्यावर मी वस्तीत गेले. बाईंनी जुन्या कॅलेंडरचे डिसेंबरचे पान माझ्यासाठी काढून ठेवले होते. त्यावर पेन्सिलीच्या दोनच खुणा होत्या, ७ आणि २१ तारखेला. ७ तारखेची नोंद आमच्या वहीत सापडली: पहाटे चार दहाला हॉपरचा हीटर बंद पडून तिसरे फील्ड पस्तीस मिनिटे बंद होते. २१ तारखेला तिन्ही वह्यांत काहीही लिहिलेले नाही. त्या रात्रीच्या धूलिमापकाच्या मिनिटामिनिटाच्या नोंदी मी मागवल्या आहेत.